आखाडाचं मटण आणि चिंगीच्या अन्ननलिकेत अडकलेला मणका

कुत्र्याला हाड घालावं का नाही हा वाद आपल्याकडे कायमचाच, एक जण म्हणतो कुत्रं आणि हाडूक ही जोडी देवानंच जुळवलीय, दुसरा म्हणतो अजिबात नको, आणि दोघंही आपापल्या घरच्या कुत्र्याचे दाखले देतात. आमच्या चिंगीचं जे झालं ते मी इथे सगळं सविस्तर लिहितेय, कारण त्या रात्री मी मोबाईलवर मराठीत शोध शोध शोधलं आणि "हाडे देऊ नयेत" एवढ्या एका वाक्यापलीकडे काही हाती लागलं नाही. का देऊ नयेत, अडकलं तर नक्की कुठे अडकतं, डॉक्टर काय काय करतात, घरी काय करायचं नाही, यातलं काहीच नाही. ते कुणाला तरी उपयोगी पडावं म्हणून.

चिंगी गावठी आहे, वजन तेरा किलोच्या आसपास, पावसात मनसोक्त भिजणारी, कधी साधा ताप नाही. गावठी हे मुद्दाम सांगतेय कारण सगळ्यांचा समज असा असतो की लॅब, पग असल्या विकतच्या कुत्र्यांची पोटं नाजूक आणि गावठीला काय होत नाही. आम्ही कोल्हापूरचे, रविवार म्हटलं की घरात मटण, पण चिंगीचं मी पहिल्यापासून वेगळं शिजवते, बिनमसाल्याचं आणि बिनहाडाचं. तो आषाढातला शेवटचा रविवार होता, म्हणजे अख्ख्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्या, श्रावण लागायच्या आत सगळ्यांचं उरकून घेणं चाललेलं. मी माहेरी गेले होते, नवरा जेवून आडवा झालेला, आणि चिंगी सवयीनं खालच्या काकांच्या दारात जाऊन बसली. काकांनी प्रेमानं तिला ताटातले तुकडे वाढले. त्यांचं अर्धं आयुष्य शेतावर गेलं, तिथली सगळी कुत्री हाडकं खाऊनच मोठी झाली, त्यामुळे त्यांच्या मनात काही वावगं येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांना मी तेव्हाही काही बोलले नाही, आताही बोलणार नाही.

संध्याकाळी मी घरी आले तर चिंगी दारात आली, शेपूट हलवली पण जवळ नाही आली. मान पुढे लांब ताणून उभी, आणि सारखं गिळल्यासारखं करत होती, तोंडात काही नसताना. लाळ एवढी की छातीवरचे केस ओले झालेले. पाण्याच्या भांड्याशी जायची, दोन-चार घोट प्यायची, आणि मिनिटभरात तेच पाणी तसंच्या तसं तोंडातून बाहेर. खायला दिलं तर वास घेऊन बाजूला व्हायची, आणि बसायला गेली की लगेच उठायची, अंग टाकून झोपणंच नाही.

शेजारपाजारचे जमले आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाल्या केळं घाला, केळ्याबरोबर सरकतं. एकानं सांगितलं भाताचा मोठा गोळा गिळायला लावा, माशाचा काटा अडकल्यावर आपण करतो तसं. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, उलटी होऊन पडेल बाहेर. सगळी आपुलकीनंच सांगत होती हो, पण मला आतून वाटत होतं की आत काय आहे तेच माहीत नसताना वरून काही ढकलायचं कशाला, म्हणून आधी डॉक्टरांना फोन लावला. रविवारची संध्याकाळ असूनही त्यांनी उचलला हे आमचं नशीब.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो मला आजही आठवतो, "उलटी करताना पोट आत-बाहेर होतंय का, का नुसतंच पडतंय?" मी म्हटलं नुसतंच पडतंय, काही जोर नाही, मान खाली केली की पडतं. मग विचारलं श्वास नीट चाललाय का, जीभ गुलाबी आहे का निळसर. श्वास ठीक होता, जीभही गुलाबी. ते म्हणाले तोंडातून काही म्हणजे काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, उलटी करवायची नाही, आणि लगेच घेऊन या. नंतर त्यांनी यातला फरक समजावला. पोटातून येणाऱ्या उलटीला पोटाचे स्नायू जोर लावतात, कुत्रं उबळ काढतं. पण खाल्लेलं किंवा प्यायलेलं पोटापर्यंत पोचलंच नसेल तर ते काही जोर न लावता तसंच परत पडतं, म्हणजे अडथळा अन्ननलिकेत आहे असा संशय घ्यायचा. आणि श्वासनलिकेत अडकलं असेल तर तो प्रकारच वेगळा, तिथे श्वास कोंडतो, कुत्रं काही मिनिटांत निळं पडतं. फोनवर एवढ्यावरून त्यांनी जवळपास ओळखलं होतं.

त्यांच्याकडे गेल्यावर आधी तोंड उघडून टाळू, दाढा, जिभेखाली, सगळं टॉर्चनं बघितलं, कधीकधी तुकडा वरच्या दाढांच्या मध्ये टाळूला आडवा बसतो म्हणे. तिथे काही नव्हतं. मग एक्सरे, मानेपासून पोटापर्यंत, कुशीवर झोपवून. स्क्रीनवर चित्र आलं आणि मला डॉक्टरांनी बोट दाखवायच्या आधीच दिसलं. हृदयाच्या मागे, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या अलीकडे, एक पांढरा शुभ्र मणका. बोकडाच्या मानेचा असावा, दोन्ही बाजूंना पंख आल्यासारखी टोकं, आणि एका बाजूला सत्तूरनं तोडलेली सरळ तिरकी धार. ती धार एक्सरेत एवढी स्वच्छ दिसत होती की माझ्या पोटात गोळा आला.

तिथेच का अडकतं हेही त्यांनी सांगितलं. कुत्र्याची अन्ननलिका चांगली ताणली जाते, पण तीन ठिकाणी तिला आजूबाजूनं जागा कमी मिळते. मान संपून छातीत शिरताना, हृदयाच्या वरून जाताना, आणि पडद्यातून पोटात उतरायच्या जरा आधी. मोठा तुकडा थांबला तर बहुतेक या तीनपैकी एका जागी थांबतो. आणि थांबला की नलिका त्याला पुढे ढकलायला घट्ट आवळते, त्यामुळे तो आणखी रुततो, आतल्या भिंतीचा रक्तपुरवठा दाबला जातो, आणि वेळ जाईल तशी ती जागा सडायला लागून भोक पडायची भीती. भोक पडलं की लाळ, अन्न, जंतू सगळं थेट छातीच्या पोकळीत. म्हणून हे "सकाळपर्यंत बघू" मधलं काम नव्हेच. केळ्याचं आणि भाताच्या गोळ्याचं त्यांना विचारलं, तर म्हणाले वरून ढकललं तर टोक भिंतीत घुसतं, आणि परत पडताना तेच अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. उलटी करवली तर ती सत्तूरची धार उलट्या दिशेनं खरवडत वर येणार. मिठाच्या पाण्यानं तर वेगळीच विषबाधा होते, अंगात सोडियम वाढून झटके येऊ शकतात. त्या रात्री आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं हे ऐकून ते म्हणाले, निम्मं काम तुम्ही तिथेच केलंत.

त्यांच्याकडे एन्डोस्कोप, म्हणजे तोंडावाटे आत घालायची दुर्बीण, नव्हता. आंधळेपणानं नळी घालून ढकलायला त्यांनी स्वच्छ नकार दिला, आणि मला त्यांचा तो नकार फार मोलाचा वाटतो, कारण घाबरलेला माणूस समोर असताना "बघतो प्रयत्न करून" म्हणणं सोपं असतं. त्यांनी पायात सुई लावून सलाईन सुरू केलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, एक्सरे मोबाईलवर पाठवला, पुण्यातल्या एका हॉस्पिटलशी बोलून घेतलं आणि आम्हाला निघायला सांगितलं. दादानं गाडी काढली. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, आषाढाचा पाऊस, सातारच्या अलीकडे पुढचं काही दिसेना इतका. मागच्या सीटवर तिला उताणी होऊ न देता, डोकं जरा उंच ठेवून धरून बसायला सांगितलं होतं, म्हणजे लाळ घशात जाऊ नये. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत तिनं मान एकदाही खाली टेकवली नाही, तशीच ताणून होती.

पुण्यात पोचल्यावर परत एक्सरे, कारण प्रवासात तुकडा हलला असेल किंवा मधल्या वेळात भोक पडलं असेल तर बेतच बदलतो. छातीत नको तिथे हवा किंवा पाणी दिसतंय का ते बघत होते. नव्हतं. मग डॉक्टर मॅडमनी आम्हाला बसवून तीन शक्यता सांगितल्या. पहिली, दुर्बिणीनं पकडून तोंडावाटे बाहेर. दुसरी, वर येत नसेल तर खाली पोटात सरकवणं. तिसरी, दोन्ही जमलं नाही किंवा नलिका फाटली तर शस्त्रक्रिया, आणि छाती उघडायची वेळ आली तर धोका बराच वाढतो. कागदावर सही करताना तिसरी ओळ मी दोनदा वाचली. मॅडमनी घाई केली नाही, प्रश्न विचारू दिले, आणि दुसऱ्या शक्यतेवर मी अडखळले तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते या सगळ्या लिहिण्यामागचं खरं कारण आहे.

मी विचारलं, पोटात सरकवायचं म्हणजे आतच ठेवायचं? मग पोट फाडून काढणार? त्या म्हणाल्या, नाही, बहुतेक वेळा काढावंच लागत नाही, तिचं पोट ते हाड विरघळवेल. कुत्र्याच्या जठरातलं आम्ल एवढं तीव्र असतं की हाडातला चुना त्यात हळूहळू उतरतो, काही दिवसांत तुकडा झिजतो, नाहीसा होतो. म्हणजे काकांचं म्हणणं, की कुत्रं हाड पचवतं, ते शंभर टक्के खरं होतं! आणि तरीही चिंगी मरणाच्या दारात होती. कारण पचवण्याची ताकद जठरात, आणि हाड थांबलं जठराच्या चार बोटं अलीकडे, जिथे आम्ल नाही, पाचकरस नाही, आहे ती फक्त एक मऊ नळी. आपल्याकडचा सगळा वाद "पचतं की नाही" यावर चालतो, आणि धोका त्या प्रश्नात नाहीच आहे. तो वाटेत आहे, तोंडात, दातांवर, घशात, नलिकेत, आणि जठर ओलांडल्यावर आतड्यात.

दुर्बिणीचं काम तासाच्या वर चाललं. पूर्ण भूल, घशात श्वासाची नळी. त्यातली चित्रफीत मॅडमनी नंतर मोबाईलवर दाखवली. गुलाबी ओली भिंत, आणि मध्ये तो मणका, त्याच्यावर हळदीचा पिवळा रंग अजून तसाच. त्याच्या एका पंखाचं टोक भिंतीत रुतलेलं. चिमट्यानं पकडून वर ओढलं की भिंत तंबूसारखी सोबत ओढली जायची, म्हणून त्यांनी ओढणं थांबवलं. आत हवा सोडून नलिका फुगवली, तुकडा जरा फिरवला, टोक मोकळं केलं, आणि मग अलगद पुढे, पोटात. नंतर दुर्बीण मागे घेत भिंत तपासली. दोन जखमा, समोरासमोर, जिथे दोन्ही टोकं दाबून बसली होती. एक वरवरची, एक खोल, पण आरपार नाही.

घरी आल्यानंतरचं काम कमी नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही म्हणून थोडं लिहिते. सुरुवातीला तोंडावाटे काहीच नाही, मग पाणी, मग पातळ पेज, मग वाटलेलं चिकन-भात. सुक्रालफेट नावाचं सिरप मिळतं, माणसांचंच, ते जखमेवर लेप धरतं, पण ते रिकाम्या पोटी द्यायचं आणि बाकीची औषधं, जेवण यांच्यापासून लांब ठेवायचं, नाहीतर लेप औषधालाच धरून ठेवतो. शिवाय आम्ल कमी करायची गोळी. आता इथे मला प्रश्न पडलाच, आम्ल कमी केलं तर हाड कसं विरघळणार? मॅडम म्हणाल्या जरा जास्त वेळ लागेल, पण जखमेवर आम्ल वर येणं सध्या जास्त वाईट. खाणं उंच ठेवायचं, स्टुलावर भांडं, खाल्ल्यावर थोडा वेळ पुढचे पाय वर धरून उभं ठेवायचं. पंधरवड्यात पुन्हा एक्सरे काढला तेव्हा पोटात मणक्याचा आकारच ओळखू येत नव्हता, कडा कुरतडल्यासारखा एक धूसर ठिपका. त्याच्या पुढच्या एक्सरेत तोही नव्हता.

पण खरी धास्ती त्यानंतरची होती. जखम भरते तेव्हा तिचा वण आकसतो, आणि नलिका तिथे अरुंद होऊ शकते. हे दोन-तीन आठवड्यांनी कळतं, कुत्रं बरं झालं म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मग पातळ जातं पण घट्ट परत पडतं असं सुरू होतं. तसं झालं तर परत भूल, आणि फुगा घालून ती जागा रुंद करायची, तीही एकदा करून भागेलच असं नाही. म्हणून आम्ही जेवण रोज थोडं थोडं घट्ट करत गेलो आणि मी प्रत्येक घासाला तिच्या मानेकडे बघत बसायचे. चिंगीला ते झालं नाही. सगळा खर्च प्रवास, औषधं धरून चाळीस हजारांच्या घरात गेला, तो आमच्यासारख्यांना सोपा नाही, पण तिच्या जिवापुढे त्याचा हिशोब मला करावासा वाटत नाही.

मधल्या काळात आमच्या डॉक्टरांशी खूप बोलणं झालं. ते शिरवळच्या व्हेटरनरी कॉलेजचे, बरीच वर्षं प्रॅक्टिस. म्हणाले, आखाड आणि धुळवड या दोन वेळी माझ्याकडे हाडाच्या केसेस ठरलेल्या. त्यांचा एक किस्सा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नळी आपण चोखून बाजूला ठेवतो ना, ती गोल कापलेली, एका कुत्र्यानं तिच्यात जीभ घालून मगज खाल्ला आणि ते कडं खालच्या जबड्यावर सुळ्यांच्या मागे जाऊन बसलं. पुढे येईना, मागे जाईना, ओठ सुजून बाहेर आलेला. गुंगी देऊन कटरनं कडं कापावं लागलं. दुसरा प्रकार बद्धकोष्ठाचा. बारीक चावून भरपूर हाडं खाल्ली की चुऱ्याचा गोळा होऊन मोठ्या आतड्यात दगडासारखा बसतो, कुत्रं कुंथून कुंथून रक्त काढतं, शी झालीच तर पांढरी, भुगा होणारी. तिथेही घरगुती उपाय नको, मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा लहान कुत्र्याला दिला तर जीव जाऊ शकतो.

मी त्यांना म्हटलं, पण कुकरला चांगलं मऊ शिजलेलं असतं की. तर त्यांनी फार सुंदर समजावलं. हाडात दोन गोष्टी, एक चुन्याचा कठीण भाग आणि एक चिवट प्रथिन, कोलॅजन. कोलॅजनमुळे ताजं हाड जरा लवतं. आपण मटण शिजवतो तेव्हा ते कोलॅजन विरघळून पाण्यात उतरतं, आपल्या अळणी पाण्याला, पांढऱ्या रश्श्याला जो दाटपणा, चिकटपणा येतो तो त्याचाच. मग हाडात राहतं काय, तर सळ्या काढून घेतलेलं काँक्रीट. ते दाबलं की लवत नाही, कडकन तुटतं आणि टोकं पडतात. भाजलेल्या, तंदूरच्या हाडाचं तर विचारूच नका. शिवाय आपल्याकडचं मटण मुळातच सत्तूरनं बारीक तोडलेलं असतं, म्हणजे प्रत्येक तुकड्याला धार आधीपासूनच, आणि आकार असा की कुत्रं न चावता गिळायला बघणार. चिकनच्या तंगडीचं हाड उभं चिरतं, सुईसारखी शकलं होतात. आणि रश्श्यातून आलेलं असेल तर कांदा-लसूण वेगळाच, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, चरबीनं स्वादुपिंडाला सूज येते ती गोष्ट निराळी.

कच्चं हाड चालतं असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांचं अगदीच खोटं नाही. कच्चं हाड तेवढी शकलं करत नाही, आणि ब्राझीलमध्ये बीगल कुत्र्यांवर केलेल्या एका अभ्यासात गायीगुरांची कच्ची हाडं चघळायला दिल्यावर दातांवरचं किटण कमी झालेलं दिसलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या बाजूला सोयीचं तेवढंच सांगणं मला पटत नाही. पण त्याच कच्च्या पायाच्या हाडावर वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, आणि ती चीर दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली की दात काढायची वेळ येते. नखानं दाबून बघा, जिथे नख जरासुद्धा रुतत नाही ती वस्तू दाताला जड, असा साधा नियम डॉक्टरांनी दिला. कच्च्यात साल्मोनेलासारखे जंतू येतात, कुत्रं कदाचित ते सोसेल, पण तेच तोंड घरातलं तान्हं बाळ, म्हातारी माणसं यांना लागतं. आणि खाटकाकडून हाडांबरोबर कच्चं फुफ्फुस, काळीज आणून घालायची जी पद्धत आहे ती तर बंदच व्हायला हवी, मेंढ्यांच्या त्या अवयवांत हायडॅटिडच्या गाठी असू शकतात, त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो आणि त्याची अंडी शीमधून आपल्यापर्यंत येऊन माणसाच्या यकृतात गाठी होतात. शिवाय चिंगीचा मणका कच्चा असता तरी तिथेच अडकला असता, हा माझा त्या सगळ्या चर्चेवरचा मुद्दा.

विकत मिळणारी, भाजून पॅक केलेली हाडंही सुरक्षित म्हणवत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये याच तयार हाडांबद्दल इशारा दिला होता, त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आलेल्या, अडथळा, घुसमट, तोंडात जखमा, गुदद्वारातून रक्त, आणि पंधराएक कुत्री दगावलेली. या फक्त तिथवर पोचलेल्या तक्रारी. चामड्याची ती पांढरी गाठीची हाडं मिळतात तीही ओली होऊन फुगतात आणि तशीच अडकतात.

राहिला प्रश्न रस्त्यावरच्या कुत्र्यांचा, कारण कितीही सांगितलं तरी शेवटी हे येतंच, "ती रोज उकिरड्यावरची हाडं खातात, त्यांना कुठे काय होतं?" होतं ना. ती मान ताणून, लाळ गाळत कुठल्यातरी गाडीखाली जाऊन पडतात, चार दिवस काही खात नाहीत, आणि मरतात. त्यांचा एक्सरे कोण काढतं? आपल्याला दिसतात ती जगलेली. मला हे बोलताना राग येतो आणि तो येऊ दे, कारण हे वाक्य बोलणाऱ्या कितीतरी जणांनी असं एखादं कुत्रं बघून "आजारी दिसतंय" म्हणून पुढे पाऊल टाकलेलं असतं. आमच्या गल्लीत आता उरलेली हाडं कुणी कट्ट्यावर टाकत नाही. पिशवीला गाठ मारून, झाकणाच्या डब्यात, आणि सकाळी थेट घंटागाडीत. यात पुढाकार काकांनी घेतला, माझ्यापेक्षा त्यांचं लोक ऐकतात.

कुत्र्याला काहीच द्यायचं नाही असं मात्र नाही. चघळणं ही त्यांची गरज आहे. आम्ही पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून फ्रीजरला ठेवतो, त्याच्याशी ती बराच वेळ झटत बसते. गाजर आवडीनं खाते. मटणाची चव हवी असेल तर हाडावरून काढलेलं मांस आणि मीठ-मसाला, कांदा-लसूण घालायच्या आधी बाजूला काढलेलं, चरबी निवळलेलं पाणी. हाडातलं जे चांगलं ते त्या पाण्यात आलेलंच असतं. दातांसाठी कुत्र्यांची पेस्ट आणि ब्रश, आपली पेस्ट नाही.

आणि एक काम आजच करून ठेवा, तुमच्याकडे कुत्रं असेल तर. तुमच्या डॉक्टरांना सहज विचारा की हाड किंवा खेळणं अडकलं तर जनावरांसाठी एन्डोस्कोपी सगळ्यात जवळ कुठे होते, रात्री कोण असतं, आणि रविवारी कुणाचा फोन लागतो. तो नंबर मोबाईलमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या एकाच्याही मोबाईलमध्ये असू दे. कुत्र्याचं वजन लिहून ठेवा, कारण फोनवर पहिल्या दोन मिनिटांत तेच विचारतात. काय खाल्लं त्याचा उरलेला तसाच तुकडा ताटात असेल तर सोबत न्या, आम्ही नेला होता, आणि एक्सरेतल्या त्या आकाराशी तो ताडून बघायला दोन्ही ठिकाणी डॉक्टरांना उपयोग झाला.